इंचाला सूत

सकाळी 5.50

जिवतीत श्रावणातली सकाळ पांढरी उजाडते. माणिकगडच्या डोंगरावर धुकं बसलेलं असतं, समोरचं घर दिसत नाही, पण तिथल्या शेळ्या ऐकू येतात. मिस्त्री शेडचं फळीचं दार बाजूला करतात. दिवा लावायच्या आधी त्यांचा हात लहानशा लाकडी जीपच्या बॉनेटवर जातो. काल संध्याकाळी शिवणीच्या लाकडाचे दोन तुकडे फेविकॉलने जोडून त्यावर सायकलची ट्यूब गच्च गुंडाळून ठेवली होती. सांध्यात नख दाबून बघतात.

"वाळंना बगा."

उन्हाळ्यात हा सांधा एका रात्रीत धरतो. सध्या दोन रात्री लागतात. ट्यूब पुन्हा आवळून बॉनेट चुलीजवळच्या कोनाड्यात जातं. फार जवळ नाही. लाकूड तडकलं तर चार दिवस गेले.

6.40

काळा चहा. पुतण्या आलाय. त्याला दिवसाचे तीनशे. तो आल्या आल्या पॉलिश पेपर घेऊन नंदी घासायला बसतो. सध्या शेडची खरी कमाई म्हणजे हे नंदी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पोरं चाकांचा लाकडी बैल ओढत घरोघर जातात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. यंदा बावीस नंदी करायचेत, पंधरा झालेत. लहान दीडशेला, मोठा सहाशेला. गडचांदूरला विकायला न्यायचे.

"आमच्याकडं तान्हा पोळा नव्हता," मिस्त्री सांगतात. त्यांच्याकडं म्हणजे नांदेडकडं. बहात्तरच्या दुष्काळानंतर वडील इकडे आले, बैलगाडीत औजारांची पेटी घेऊन. तसा हा मुलूख नांदेडला परका नव्हता. राजुरा तालुका निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यातला. 1956 मध्ये तो नांदेडला जोडला आणि 1959 मध्ये चांद्याला. जिवती तेव्हा राजुऱ्यातच होती. नंदी करायला मिस्त्री इथेच शिकले. जीप करायला कुणी शिकवलं नाही.

7.30

जीप टेबलावर येते. ती अजून नुसता सांगाडा आहे: दोन लांब दांडे, मध्ये आडव्या पट्ट्या, चार चाकं आणि मागे उघडा हौदा. पण लांबूनच ओळखू येते. ही लष्करातली बुटकी जीप नाही, उंच बॉनेटची आहे. सीजे-3बी. 1953 साली विलीजने आणली. आत येणाऱ्या हवेच्या झडपा इंजिनाच्या डोक्यावर नेल्या, इंजिन उंच झालं, म्हणून बॉनेटही वर उचलावं लागलं. पुढे महिंद्राने हीच गाडी वर्षानुवर्षं भारतात बनवली. जिवतीच्या घाटात माणसं, कोंबड्या, कापसाचे बोजे आणि बाळंतिणी वाहिल्या त्या असल्याच जीपांनी.

ऑर्डर एका जुन्या ड्रायव्हरच्या मुलाची. बापाची जीप भंगारात जायच्या बेतात आहे, त्याआधी तिची लहान प्रत हवी. सहा हजार ठरले. दोन हजार हातात आले. आजचा पंधरावा दिवस. बाहेर कामाला गेले तर मिस्त्रींना सातशे रोज मिळतो. हा गुणाकार मी मनात केला. त्यांनी तो केव्हाच केला असणार.

8.15

माप. या सगळ्या कामात मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच, म्हणून जरा थांबतो.

मिस्त्रींकडे नकाशा नाही. भंगारात निघालेल्या जीपजवळ टेप घेऊन ते दोन दिवस बसले आणि शाळेच्या वहीत आकडे लिहून आणले. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत 80 इंच. लांबी 130 इंच. आता हे लहान कितीनं करायचं? सुताराच्या मापात इंचाचे आठ सूत. मग खऱ्या गाडीचा इंच तो इथला सूत. ऐंशी इंचाचे ऐंशी सूत, म्हणजे दहा इंच. एकशे तीसचे एकशे तीस सूत, म्हणजे सोळा इंच दोन सूत. भागाकार नाही, कॅल्क्युलेटर नाही. वहीतला आकडा तोच, फक्त शब्द बदलायचा.

"इंचाला सूत. हिशेब सोपा."

दुकानात मिळणाऱ्या मॉडेल गाड्यांच्या खोक्यावर 1:43 असं विचित्र प्रमाण छापलेलं असतं. ते इंग्लंडमधल्या खेळण्यातल्या आगगाड्यांवरून आलं: खऱ्या गाडीच्या फुटाला सात मिलिमीटर. तिथेही कुणीतरी हाताशी होती ती पट्टी उचलली होती. आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा 1956 चा. मिस्त्रींच्या टेपवर सेंटिमीटरची बाजू कोरी असल्यासारखी स्वच्छ आहे, इंचाची बाजू बोटांनी पुसत आलीय.

टायरचं माप त्यांनी टायरवरूनच घेतलं. 6.00-16 लिहिलं होतं. सोळा इंचाची रिम, सहा इंची टायर. सोळा सूत म्हणजे बरोबर दोन इंच. वर सहा, खाली सहा. अठ्ठावीस सूत, साडेतीन इंच. रिम सागवानाच्या. पाडलेल्या घराच्या तुळईचे तुकडे, ड्रिल मशीन टेबलाला बांधून त्यावर गोल फिरवलेले. टायर जुन्या स्लीपरच्या तळव्यांचे, दोन थर चिकटवून. नक्षी तापलेल्या ब्लेडने पाडली. चार चाकांना चार दिवस आणि तीन जोड स्लीपर. स्लीपर घरचेच.

10.10

स्प्रिंगचे पाटे. कापसाच्या गाठीला बांधलेली लोखंडी पट्टी जिनिंगवरून आणलीय, फुकट. खरा पाटा पावणेदोन इंच रुंद, म्हणून इथे पावणेदोन सूत. पत्रा कापायच्या कात्रीने उभी चिरत नेली की पट्टी पिळवटते. मग ऐरणीवर, म्हणजे रेल्वे रुळाच्या वीतभर तुकड्यावर, ठोकून सरळ करायची आणि गोल सळईवर हलकी वाकवायची. लांब, त्याहून आखूड, त्याहून आखूड. तीन पानं एकावर एक, मध्ये तारेचा फास. मिस्त्री दाबून बघतात. पाटा खरंच दबतो आणि परत वर येतो. मला हसू आलं. ते हसले नाहीत, दुसरा घेतला.

11.30

सीमेवरच्या चौदा गावांपैकी एका गावचा माणूस आला. तिथे लोकांकडे महाराष्ट्राचं कार्ड असतं आणि तेलंगणाचंही. त्याला दार हवंय, एकाच राज्यातलं चालेल म्हणतो. जुन्या चौकटीत नवी फळी बसवायची. साडेतीनशे. जीप बाजूला सरकते. रंधा निघतो.

दीड तास रंध्याचाच आवाज. ओलं हवामान, भुगा उडत नाही, पायाशी चिकटून राहतो.

1.10

ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, मिरचीचा ठेचा. जेवताना कुणी बोलत नाही.

2.00

वीज गेली. पुतण्या नंदीच्या शिंगांना रंग द्यायला दारात जाऊन बसला. मिस्त्रींनी तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा काढला. आता जीपचं तोंड करायचं.

समोरच्या जाळीला उभ्या सात चिरा. लष्करी जीपला नऊ होत्या, पुढे विकायच्या जीपांना सात झाल्या. जीपची ओळख म्हणजे हा चेहरा. चिरा वाकड्या झाल्या तर खालचं सगळं फुकट, असं मिस्त्री म्हणतात, आणि त्यांनी आधी केलेल्या दोन जाळ्या कोपऱ्यात पडल्यात त्या याचा पुरावा आहेत. एक चौथ्या चिरेला फाटली, एक सहाव्या.

पत्रा लाकडाच्या ठोकळ्यावर खिळतात. गुण्या लावून दाभणाने रेघा. प्रत्येक चिरेच्या दोन्ही टोकांना भोक. त्याला अर्ध्या सुताचं बिट लागतं, पंचवीस रुपयांना एक, आणि ते मोडतं. वीज नाही म्हणून बिट हातातल्या पकडीत धरून फिरवायचं. चौदा भोकं. एकेकाला पाचसहा मिनिटं. दहाव्याला बिट मोडलं. मिस्त्री ते तुकड्यांसकट एका डबीत टाकतात. पितळी डबी, वरच्या झाकणावर देवीचं चित्र. "टोक घासून परत चालतंय."

4.05

दुसरं बिट. चौदावं भोक पडलं. पाऊस आला तसा पुतण्या आत पळाला, एक शिंग ओल्या भिंतीला घासलं गेलं. निळा पट्टा भिंतीवर. मिस्त्री काही बोलले नाहीत, नुसतं बघितलं. ते पुरलं.

4.40

वीज आली. तरी चिरा हातानेच. हॅक्सॉ ब्लेडचा मोडका तुकडा, एका टोकाला चिंधी गुंडाळलेली. भोकातून आत घालायचा आणि वर-खाली. जोर लावला की पत्रा उचलतो, म्हणून डाव्या हाताच्या अंगठ्याने शेजारीच दाबून धरायचं. अंगठ्यावर जुने व्रण आहेत, नवा आज नाही पडला. पहिली चीर बावीस मिनिटं. मग पातळ कानस. कडा बोटाने चाचपायची, पुन्हा कानस.

मी विचारलं, ही जाळी कारखान्यात दाबून का नाही मिळत? "मिळत असंल की. पण ती या जीपची नसतंय." मग वही पुढे करतात. त्या भंगारातल्या जीपची डावीकडून दुसरी चीर खाली थोडी पसरट आहे, कधीतरी धडक बसलेली. वहीत त्यांनी ती तशीच काढलीय. इथेही तशीच होणार. मला वाटतं, नक्कल आणि मॉडेल यात फरक असलाच तर तो त्या पसरट चिरेइतकाच असतो.

6.30

चार झाल्या. चहा. पुतण्याला आजचे तीनशे दिले. नोटा मोजताना मिस्त्रींचा डावा अंगठा थरथरतो, म्हणून ते उजव्याने मोजतात.

हेडलाइटसाठी दोन जुन्या लेडीज घड्याळांच्या रिंगा ठेवल्यात. खरी काच सात इंची, रिंग जवळपास सात सूत. समोरच्या काचेला नव्या शर्टाच्या खोक्यातलं पारदर्शक प्लॅस्टिक. सीटला रिक्षाचं रेक्झिन, दुकानदाराने कात्रण वीस रुपयांना दिलं. नंबरप्लेट मात्र पितळेची करायचीय. त्यावर एमएच 34 यायच्या आधीचा जुना नंबर. तो मुलाने कागदावर लिहून दिलाय आणि दोनदा फोन करून बरोबर लिहिला ना म्हणून विचारलंय.

7.50

जेवायची हाक आली. "आलो," म्हणाले आणि सहावी चीर धरली. हीच मागच्या वेळी फाटली होती. ब्लेड बदललं. बारा रुपयांचं नवं पान मोडून त्याचाच तुकडा. शेडमध्ये बोलणं बंद. बाहेर बेडूक.

8.35

सातवी चीर पूर्ण झाली. मिस्त्रींनी जाळी पक्कडीत धरून दिव्यासमोर आडवी, मग उभी केली. भिंतीवर सात उजेडाच्या पट्ट्या पडल्या, दुसरी खाली थोडी पसरट.

दाराचे साडेतीनशे आले. पुतण्याचे तीनशे, बिटाचे पंचवीस आणि ब्लेडचे बारा गेले. उरले तेरा. जीप अजून नऊ दिवस.