साठवणीची वाट आणि पर्यायी वाट

आपल्या सभासद बंधूंपैकी पुष्कळांच्या पेढ्यांतून कीर्द-खतावणीच्या वह्या गेल्या, संगणक आले; आणि मोठ्या पेढ्यांतून तर एकाच बळकट सर्व्हरवर चार-पाच आभासी संगणक चालतात. हिशेबाचा एक, वखारीच्या आवक-जावकेचा दुसरा, याप्रमाणे. त्यांची माहिती मात्र बहुधा निराळ्या साठवण-यंत्रात असते व नेटवर्कच्या तारेने सर्व्हरशी जोडलेली असते. पेढी एका पेठेत आणि वखार दुसरीकडे, तसाच हा प्रकार. मधली वाट बंद झाली की वखार भरलेली असूनही व्यवहार थांबतो. १ एप्रिल २०१८ पासून परप्रांती माल धाडण्यास ई-वे बिल लागते. ऐन हंगामात बिलच निघाले नाही तर भरलेला ट्रक दारात उभा राहतो.

ही वाट दोन प्रकारची असते. एनएफएसमध्ये साठवण-यंत्र फाइली देते. आयस्कझीमध्ये ते डिस्कचा कोरा खणच सर्व्हरच्या स्वाधीन करते. हा भेद ध्यानात ठेवावा, पुढे त्याचे काम पडेल.

व्हीएमवेअरची ईएसएक्सआय ही प्रणाली पुष्कळ ठिकाणी आढळते, म्हणून तिचेच उदाहरण घेतो. साठा दिसेनासा झाला असता प्रथम तिच्या नोंदी वाचाव्या. साठवण-यंत्राकडून काहीच उत्तर येत नसेल तर ‘सर्व वाटा बंद’ अशा अर्थाची नोंद होते, आणि मूळ ठेवणीत सर्व्हर १४० सेकंद वाट पाहतो. आयस्कझीत दुसरीही एक स्थिती संभवते : साठवण-यंत्र स्वतःच कळविते की, मागितलेला खण माझ्याकडे नाही. गाडी न येणे निराळे आणि वखारवाल्याने ‘माल नाही’ असा निरोप धाडणे निराळे. पहिल्यात तारा व स्विच तपासावे, दुसऱ्यात साठवण-यंत्र. उतावळेपणाने सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करणे मला पसंत नाही. तुटलेली तार त्याने सांधत नाही.

कित्येकदा जोडणी शाबूत दिसते, पण मोठे काम काढताच ती अडकते. अशा वेळी पाकिटाच्या आकाराचा संशय घ्यावा. साठवणीच्या नेटवर्कवर ९००० बाइटांची मोठी पाकिटे ठेवण्याची चाल आहे. मधला एखादा स्विच जुन्या १५०० वरच राहिला असेल, तर सायकल जाते आणि ट्रक अडतो. व्हीएमकेपिंग या आज्ञेने ८९७२ बाइटांचे पाकीट, तुकडे न करण्याच्या अटीवर, पाठवून पाहावे. उरलेले २८ बाइट मथळ्यांत जातात. लहान पाकीट पोचले व हे पोचले नाही, तर दोष सापडला.

आता पर्यायी वाटेविषयी. दोन तारा जोडल्या म्हणजे दोन वाटा झाल्या, असा समज सार्वत्रिक आहे. एका स्नेह्यांच्या पेढीत दोन्ही तारा एकाच स्विचमध्ये जात होत्या. स्विच बंद पडला तेव्हा दोन्ही एकदमच गेल्या. शिवाय आयस्कझीला जे योग्य तेच एनएफएसला चालत नाही. आयस्कझीत पोर्ट बाइंडिंग केले असेल, तर प्रत्येक कर्नल-पोर्टास एकच कार्ड चालू ठेवून बाकीची वापराबाहेर काढावी लागतात. वाट बदलण्याचे काम प्रणालीतील बहुमार्गी व्यवस्था करते. एनएफएसच्या तिसऱ्या आवृत्तीत उलट, एकाच पोर्टामागे एक कार्ड चालू व दुसरे राखीव ठेवतात. यातली मेख अशी की, मूळ ठेवणीत ते कार्ड केवळ आपल्या तारेचा दिवा पाहते. बिघाड स्विचच्या पलीकडे असला तर दिवा जळतच राहतो, आणि सर्व्हर त्याच बंद वाटेने मागणी करीत बसतो.

म्हणून परीक्षा घ्यायची ती दोन्ही टोकांना. पेढी बंद असेल असा दिवस निवडावा, आधी सर्व माहितीची प्रत निराळ्या ठिकाणी काढून ठेवावी. मग सर्व्हरकडील एक तार उपसून आभासी संगणक चालू राहतात का पाहावे. ती पुन्हा जोडल्यावर वाट परत ‘चालू’ दिसेपर्यंत दुसऱ्या तारेस हात लावू नये. ही घाई फार भोवते. त्यानंतर हेच स्विच व साठवण-यंत्र यांमधील तारांबाबत करावे. तंत्रज्ञ बहुधा पहिल्या अर्ध्यावरच थांबतात. त्यांच्या शेजारी उभे राहून उरलेला अर्धा भाग करवून घ्यावा, आणि कोणती तार काढल्यावर किती सेकंद काम थांबले ते तारीखवार लिहून ठेवावे.