भरावाची माती आणि मजुरीचं माप

जयसिंगपूर स्टेशनाचं जुनं नाव शिरोळ रोड. कोल्हापूर-मिरज लाईन १८९१ साली सुरू झाली. कृष्णेच्या पुलाकडे जाताना आम्ही तो भराव बघतो, तेव्हा मनात येतं, एवढी माती वाहिली कुणी?

त्याआधी, १८५६ ते १८६३, बोरघाट फोडला गेला. १८६१ साली तिथं बेचाळीस हजारांवर मजूर होते. हत्यारं म्हणजे कुदळ, पहार, पाटी. कातळाला भोक पाडून दारू ठासायची. कड्यावर तर माणसं दोराला लोंबकळून काम करीत. भराव मुद्दाम जास्त उंच रचायचा, कारण पावसाळ्यात माती खाली बसते.

मजुरी खड्ड्याच्या मापावर. मूळ जमिनीची उंची कळावी म्हणून खड्ड्यात मातीचा एक खुंट तसाच ठेवीत. आम्ही कारकून माणसं, म्हणून हिशेबच सांगतो: दहा बाय दहाचा, एक फूट खोल खड्डा म्हणजे शंभर घनफूट, एक ब्रास. मापणाऱ्यानं खोली तीन इंच कमी लिहिली, की पाव ब्रास गेला! घाम मात्र पुरा गेलेला.

मजुरीवरूनच १८५९ साली बोरघाटात मजुरांनी दंगा केला. पुढं १९७२ च्या दुष्काळी कामांवर आपल्या आया-बहिणीही टेपकडे डोळे लावून उभ्या असत.