विद्युत् प्रज्योत भट्टी, पोलादनिर्मितीची

विद्युत् अग्रे व धातू यांच्यामध्ये निर्माण केलेल्या विद्युत् प्रज्योतीच्या उष्णतेने लोखंडी मोड, स्पंज लोखंड इ. पदार्थ वितळवून त्यांपासून पोलाद तयार करण्याच्या भट्टीस विद्युत् प्रज्योत भट्टी म्हणतात. झोतभट्टी व परिवर्तक यांच्या मार्गाने पोलाद करताना कोक हाच उष्णतेचा व क्षपणाचा (ऑक्सिजन काढून टाकण्याचा) मुख्य आधार असतो. प्रज्योत भट्टीत उष्णता विजेपासून मिळते. त्यामुळे वीज किती लागते, ती कोठून येते आणि तिच्याऐवजी दुसरी उष्णता कितपत वापरता येते, या प्रश्नांभोवतीच या भट्टीविषयीचे संशोधन मुख्यतः फिरत राहिले आहे. रायगड जिल्ह्यातील (पूर्वीचा कुलाबा जिल्हा) पेण तालुक्यात डोलवी येथे उभारलेल्या भट्ट्या हे या संशोधनाच्या एका दिशेचे ठळक उदाहरण होय.

इतिहास : विल्यम सीमेन्स यांनी १८७८-७९ मध्ये प्रज्योतीने पोलाद वितळविण्याचे प्रयोग केले. फ्रान्समधील पॉल एरू यांनी १९०० च्या सुमारास या भट्टीस व्यापारी स्वरूप दिले. प्रवाह एका अग्राकडून प्रज्योतीमार्गे धातूत व तेथून पुन्हा प्रज्योतीमार्गे दुसऱ्या अग्रात नेण्याची त्यांची रचना आजही मूलतः टिकून आहे. प्रारंभी ही भट्टी हत्यारी पोलाद व मिश्रपोलादे यांपुरतीच वापरात होती. रायगड जिल्ह्यातच खोपोली येथे महिंद्र युजिन कंपनीने फ्रेंच सहकार्याने मिश्रपोलादासाठी तिचा वापर केला. साध्या पोलादाच्या मोठ्या उत्पादनासाठी ती १९६० नंतर पुढे आली.

रचना व कार्य : भट्टीचे कवच पोलादी असून तळाला मॅग्नेसाइटासारख्या उच्चतापसह पदार्थांचे अस्तर असते. छप्पर बाजूला सरकविता येते. त्यातील छिद्रांतून ग्रॅफाइटाची अग्रे खाली सोडलेली असतात. प्रत्यावर्ती प्रवाहाच्या भट्टीत ती तीन असतात, तर एकदिश प्रवाहाच्या भट्टीत बहुधा एकच अग्र असून तळ हा दुसरा ध्रुव असतो. रोहित्रामधून कमी दाबाचा पण अतिशय मोठा प्रवाह अग्रांना पुरविला जातो. मोड वितळल्यावर ऑक्सिजन व चुना यांच्या साहाय्याने फॉस्फरस, सिलिकॉन व जादा कार्बन काढून टाकतात आणि सु. १,६०० से. तापमानाला पोलाद पात्रात ओततात. गंधक काढणे व मिश्रधातू मिळविणे ही कामे पुढे पात्रभट्टीत केली जातात, त्यामुळे मुख्य भट्टी पुढील वितळणासाठी लवकर मोकळी होते.

सुधारणा : अमेरिकेत श्वाबे व रॉबिन्सन यांनी १९६० नंतरच्या दशकात अतिउच्च शक्तीच्या भट्टीची कल्पना मांडली. भट्टीच्या आकारमानाच्या मानाने मोठे रोहित्र वापरून वितळणाचा वेळ कमी केला, तर भिंतींतून वाया जाणारी उष्णताही घटते, हा तिचा गाभा होता. परंतु शक्तिशाली प्रज्योतीमुळे भिंतींचे अस्तर झपाट्याने झिजू लागले. त्यावर पाण्याने थंड ठेवलेल्या भिंतपट्ट्या व फेसाळ मळी हे दोन उपाय निघाले. मळीत कार्बनाची भुकटी व ऑक्सिजन सोडला म्हणजे मळीतील लोह ऑक्साइडाचे क्षपण होऊन कार्बन मोनॉक्साइड वायूचे बुडबुडे उठतात व मळी फुगते. प्रज्योत तिच्या आत झाकली जाते, भिंतींचे रक्षण होते आणि उष्णता धातूकडे अधिक प्रमाणात जाते.

या सुधारणांचे फलित आकड्यांत स्पष्ट दिसते. १९६५ च्या सुमारास एक टन पोलादास सु. ६३० किलोवॉट-तास वीज व सु. ६·५ किग्रॅ. ग्रॅफाइट लागे आणि एका वितळणास सु. तीन तास लागत. उत्तम भट्ट्यांत हे आकडे पुढे सु. ३५० किलोवॉट-तास, १ ते १·५ किग्रॅ. व ४० मिनिटे इतके खाली आले. एक टन लोखंड वितळवून १,६०० से. पर्यंत तापविण्यास सैद्धांतिक दृष्ट्याच सु. ३८० किलोवॉट-तास उष्णता लागते. विजेचा खर्च त्याहूनही खाली येऊ शकला, याचा अर्थ उरलेली उष्णता ऑक्सिजन व कार्बन यांच्या विक्रियांतून येते. भट्टी नावाने विद्युत् राहिली, तरी अंशतः ती रासायनिक भट्टी झाली आहे.

रायगड जिल्ह्यातील भट्ट्या : भारतात चांगल्या प्रतीची मोड पुरेशी मिळत नाही आणि उद्योगांना वीज महाग पडते. किनाऱ्यावरील या भागात मात्र अपतट क्षेत्रातील नैसर्गिक वायू व खाडीमार्गे येणारे लोहधातुक यांची सोय होती. अंबा नदीच्या धरमतर खाडीकाठी डोलवी येथे १९९४ मध्ये निप्पॉन डेन्रो इस्पात (पुढे इस्पात इंडस्ट्रीज) कंपनीचा वायूवर चालणारा मिड्रेक्स पद्धतीचा स्पंज लोखंडाचा कारखाना सुरू झाला. रोह्याकडून वाहत येणारी कुंडलिका नदी जेथे रेवदंड्याच्या खाडीला मिळते, त्या परिसरात साळाव (ता. मुरूड) येथेही त्याच दशकात विक्रम इस्पातचा एचवायएल पद्धतीचा कारखाना उभा राहिला. तेथे तप्त स्पंज लोखंड दाबून त्याच्या विटा करीत. सुटे स्पंज लोखंड सच्छिद्र असल्याने ओलाव्यात पुन्हा ऑक्सिडीभूत होऊन तापते व जहाजात धोका निर्माण करते, विटांच्या रूपात हा धोका बराच कमी होतो.

स्पंज लोखंडात तांबे, कथिल यांसारखी मोडीतून येणारी अपायकारक द्रव्ये जवळजवळ नसतात, म्हणून पातळ पत्र्याच्या पोलादाला ते उपयुक्त ठरते. मात्र त्यातील उरलेल्या लोह ऑक्साइडाचे क्षपण करावे लागते व मलद्रव्यामुळे मळी वाढते, त्यामुळे मोडीपेक्षा वीज अधिक खर्च होते. यावर डोलवीत योजलेला उपाय म्हणजे कोनार्क पद्धती होय. परिवर्तक व प्रज्योत भट्टी यांचा संयोग असलेल्या या पद्धतीत दोन कवचे असतात. अग्रांचा एक संच व ऑक्सिजनची एक नळी आळीपाळीने दोहोंवर फिरविता येते. एका कवचात झोतभट्टीचे द्रवरूप लोखंड घेऊन त्यावर ऑक्सिजन फुंकतात, त्याच वेळी दुसऱ्यात प्रज्योतीने स्पंज लोखंड वितळवितात. द्रवरूप लोखंड सु. १,३०० से. ला तप्तच येते. शिवाय त्यातील सु. ४ टक्के कार्बन जळून एका टनामागे सु. १०० किलोवॉट-तास उष्णता देतो. ती उष्णता वाया न जाता त्याच कवचात घातलेले स्पंज लोखंड वितळविण्यास उपयोगी पडते. दक्षिण आफ्रिकेतील सॅल्डान्हा येथेही ही पद्धत वापरली गेली. उपलब्धतेनुसार वायू, कोक व वीज यांचे प्रमाण बदलता येणे हा तिचा मोठा गुण होय.

समस्या : भट्टीचा भार सतत कमीजास्त होत असल्याने विद्युत् जालातील दाब अस्थिर होतो, त्यासाठी नियंत्रक संयोजने बसवावी लागतात. जस्तयुक्त धूळ गोळा करणे हेही आवश्यक असते. परंतु आजचा मुख्य प्रश्न कार्बन डाय-ऑक्साइडाचा आहे. झोतभट्टी-परिवर्तक मार्गाने एक टन पोलादामागे सु. २ टनांहून अधिक, वायूवरील स्पंज लोखंड व प्रज्योत भट्टी या मार्गाने सु. १·४ टन, तर निव्वळ मोडीपासून सु. अर्धा टन कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडतो. वीज कोळशावर झालेली असल्यास शेवटचे दोन आकडे वाढतात. म्हणजे द्रवरूप लोखंडाने विजेची जी बचत होते, तिची किंमत झोतभट्टीतील कोकाच्या रूपाने मोजावी लागते. डोलवीचा कारखाना २०१० मध्ये जेएसडब्ल्यू समूहाकडे गेला. २०२१ च्या सुमारास त्याची वार्षिक क्षमता ५० लक्ष टनांवरून १ कोटी टनांवर नेताना नवी झोतभट्टी व परिवर्तक यांचाच आधार घेतला गेला. स्वस्त व स्वच्छ वीज, पुरेशी मोड आणि नैसर्गिक वायूऐवजी हायड्रोजनाने केलेले क्षपण यांची जोड मिळाली, तरच प्रज्योत भट्टीचा मूळ फायदा पुरतेपणी पदरात पडेल.