टेंपोत डेक बसवताना

पुण्याकडून कोल्हापूरला येताना पंचगंगेच्या अलीकडं शिरोलीची औद्योगिक वसाहत लागते. इथं फौंड्र्या पुष्कळ. लोखंड वितळवायचं, साच्यात ओतायचं, गाड्यांचे भाग तयार करायचे. तो माल न्यायला ट्रक आणि टेंपो सारखे उभे असतात. माल भरेपर्यंत ड्रायव्हर गाडीतच बसून. मग गाणं हवंच की!

असाच एक टेंपोवाला नवा डेक आणि चार स्पीकर घेऊन वायरिंगच्या मिस्त्रींकडं आला.

"मिस्त्री, तासाभरात बसवून द्या बगा. खोक्यावर 200 वॅट लिवलंय. लई मोठा आवाज हाय."

मिस्त्रींनी डेक उलटा केला. पाठीला एक छोटा फ्यूज होता.

"दादा, ह्यावर काय लिहिलंय, वाचा."

"धा."

"म्हणजे 10 अँपिअर. तुमची बॅटरी 12 व्होल्टची. बारा दाहे किती?"

"एकशेवीस."

"एवढेच वॅट. इंजिन चालू असताना 14 व्होल्ट धरा, तरी 140. मग 200 वॅट येणार कुठनं? खोक्यावरचा आकडा विकायसाठी असतो. फ्यूजवरचा आकडा खरा."

हा हिशेब ध्यानात ठेवण्यासारखा आहे. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. यापुढं खोकं घ्यायच्या आधी डेकची पाठ वाचावी.

टेंपोवाला म्हणाला, "बरं, मग बॅटरीवरनं सरळ वायर वडा आन् जोडा. फ्यूज हाय की डेकला."

मिस्त्रींनी खिळ्याला टांगलेली एक वायर काढून दाखवली. ती कोळशासारखी काळी झाली होती. वरचं प्लॅस्टिक वितळून तांब्याला चिकटलं होतं. "हे एका गाडीचं. डेकला फ्यूज होता. तरी केबिन जळली. अजून हप्ते फिटायचे होते."

असं का झालं? पाहा. डेकचा फ्यूज डेकला सांभाळतो. बॅटरीपासून डेकपर्यंत येणाऱ्या वायरला तो सांभाळत नाही. ही वायर पत्र्याच्या भोकातून आत येते. गाडी हादरते, पत्र्याची धार वायरला घासते. रोज थोडं थोडं प्लॅस्टिक कापलं जातं. एक दिवस आतलं तांबं पत्र्याला टेकतं. बॅटरीचं एक टोक पत्र्यालाच जोडलेलं असतं. म्हणजे वीज डेकपर्यंत जातच नाही, वाटेतूनच परत फिरते. तिला अडवणारं कोणी नसतं. बॅटरी त्या क्षणी शेकडो अँपिअर सोडते. शिरोलीत विजेच्या भट्टीनं लोखंडाचा रस होतो, हे तुम्ही पाहता. मग वायरचं प्लॅस्टिक किती टिकणार?

म्हणून दुसरा फ्यूज बॅटरीच्या जवळच लावायचा, वीतभर अंतरात. आणि भोकात रबराचं कडं बसवायचं. त्याला मेकॅनिक ग्रोमेट म्हणतात. फ्यूज उडाला तर त्या जागी तार गुंडाळू नये, मोठ्या आकड्याचाही घालू नये. आधी तो का उडाला ते शोधावं.

मग मिस्त्रींनी कामाला हात घातला. आधी बॅटरीची उणे बाजू सोडली. अधिक बाजू आधी सोडली आणि पाना पत्र्याला लागला, तर ठिणगी उडते. कंपनीची वायर त्यांनी कापली नाही. जोडणीचे सॉकेट बाजारात मिळतात, तेच वापरले. डेकची पिवळी वायर कायमच्या विजेला जोडायची, लाल वायर चावीच्या विजेला, काळी पत्र्याला. काळी जोडताना पत्र्याचा रंग खरवडायचा, नाहीतर आवाजात घरघर येते. काही जण लाल आणि पिवळी एकत्र पिळून टाकतात. मग चावी काढली तरी डेक जागाच राहतो आणि सकाळी गाडी स्टार्ट होत नाही.

शेजारचा ट्रकवाला हे सारं पाहत होता. "माझ्यात बी बसवा की!"

"तुमची गोष्ट निराळी, मामा," मिस्त्री म्हणाले.

मोठ्या ट्रकमध्ये 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढं एक जोडतात. दोन्ही मिळून 24 व्होल्ट. तिथं 12 व्होल्टचा डेक जोडला तर जळतो. काही जण एकाच बॅटरीवरून वीज घेतात. डेक वाजतो खरा, पण एक बैल राबतो आणि दुसरा नुसता चालतो, तशी गत होते. एक बॅटरी उपाशी राहते, दुसरी जास्त चार्ज होते, आणि दोन्ही लवकर जातात. ट्रकला 24 चे 12 व्होल्ट करणारा कन्व्हर्टर घ्यावा, आणि तो डेकच्या अँपिअरपेक्षा थोडा मोठा असावा.

संध्याकाळी टेंपोत गाणं लागलं. मिस्त्रींनी मागं उभं राहून एका पोराला मोटारसायकलचा हॉर्न वाजवायला सांगितलं. टेंपोवाल्याला तो ऐकू आला नाही. त्यांनी आवाज कमी करायला लावला, पुन्हा हॉर्न वाजवला. तिसऱ्या खेपेला टेंपोवाल्यानं मान वळवली. तिथं त्यांनी डेकवरचा आकडा वाचून दाखवला: 18.

"हायवेला याच्या वर जाऊ नका," म्हणाले, आणि 10 अँपिअरचे दोन जादा फ्यूज त्याच्या हातावर ठेवले.