साचेखात्यापासून सुरक्षा समितीपर्यंत

यंत्र कोठे दुखवते आणि कोठे दगा देते, हे त्या यंत्रावर पाळीभर राबणाऱ्याला सर्वांच्या आधी कळते. तरीही त्याचे मत घ्यावे ही गोष्ट आपल्या देशात कायद्याच्या कलमात उतरण्यास शंभरांहून अधिक वर्षे जावी लागली.

कावसजी दावर यांची मुंबईतील ताडदेवची कापडगिरणी १८५६ मध्ये सुरू झाली आणि १८८१ मध्ये पहिला कारखाना कायदा अमलात आला. धोक्याच्या यंत्रांना कुंपण घालावे आणि सात वर्षांखालील मुलांना कामावर घेऊ नये, एवढे त्याने बजावले खरे. परंतु ज्यांच्यासाठी तो केला, त्यांना विचारून तो बेतलेला नव्हता. ही उणीव भरून काढण्याचा पहिला संघटित प्रयत्न कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी केला. १८८४ च्या सप्टेंबरात परळ येथे गिरणी कामगारांची सभा भरवून साडेपाच हजार सह्यांचा अर्ज त्यांनी सरकारी कमिशनसाठी सिद्ध केला. रविवारची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती या त्यातील मागण्या सर्वश्रुत आहेत. मला मात्र त्या अर्जातील दुसरेच एक कलम अधिक मोलाचे वाटते. कामावर जखमी झालेल्या मजुराला तो बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे आणि जन्माचे अपंगत्व आल्यास त्याच्या चरितार्थाची तजवीज व्हावी, असे त्यात मागितले होते. नुकसानभरपाईचा कायदा झाला तो १९२३ साली, म्हणजे कामगारांनी ती मागणी लेखी मांडल्यानंतर जवळजवळ चार दशकांनी. दरम्यान १८९० च्या एप्रिलातील प्रचंड सभेत दोन स्त्री कामगारांनी भाषणे केली आणि त्याच वर्षी जूनमध्ये रविवारची सुट्टी पदरात पडली.

साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात, त्या काळी कसे काम चाले हे जरा जवळून पाहण्याजोगे आहे. आडवे सूत नेणाऱ्या धोट्यातील कांडी संपली की विणकर नवी कांडी बसवी आणि धोट्याच्या बारीक छिद्राला ओठ लावून, श्वास आत ओढून, सुताचे टोक बाहेर काढी. त्या श्वासाबरोबर कापसाची कुसे आणि तेलाचा अंशही पोटात व फुप्फुसात जाई, आणि त्याच धोट्याला दुसऱ्या पाळीचा विणकर आपले ओठ लावी. हाताने सूत ओवता येईल असा धोटा अज्ञात नव्हता; अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ मध्येच ओठांनी सूत ओढण्याच्या धोट्यास कायद्याने बंदी केली होती. मुंबईत मात्र या उष्ट्या धाग्याचे निमित्त पुढे करून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना अधिक वेतनाच्या साचेखात्यापासून दूर ठेवले जाई, आणि ते दूर ठेवण्यात सवर्ण सहकामगारांचाच पुढाकार होता. १९२८ च्या सहा महिन्यांच्या सार्वत्रिक संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे आग्रहाने मांडला. अवजाराच्या रचनेत केलेल्या एका फरकाने आरोग्याची हानी टळली असती आणि भेदाचा आधारही निखळला असता. कामगारांचे मत म्हणजे कोणत्या कामगारांचे मत, हा प्रश्न मला या प्रकरणात सर्वांत बोचरा वाटतो. त्याच संपाच्या मुळाशी दोन साच्यांऐवजी (मागांऐवजी) तीन साचे एका विणकराकडे सोपविण्याची योजनाही होती, आणि माणसाचे डोळे, पाय व पाठ किती यंत्रांचा भार सोसू शकतात हा तिचा गाभा आज अर्गोनॉमिक्सच्या, म्हणजे काम माणसाच्या शरीराला जुळवून घेण्याच्या शास्त्राच्या, कक्षेत येतो.

स्वातंत्र्यानंतर, १९४८ च्या कारखाना कायद्याने, उभे राहून काम करणाऱ्यास अधूनमधून विसावा घेण्यासाठी आसनाची सोय देण्याचे बंधन मालकावर घातले. दुकानांतील विक्रेत्या स्त्रियांना ते आसन लाभण्यास मात्र फार काळ लागला. केरळात त्या स्त्रियांनी स्वतः चळवळ केली, तेव्हा २०१८ मध्ये तेथील दुकान कायद्यात बसण्याची तरतूद झाली आणि २०२१ मध्ये तामिळनाडूने तिचे अनुकरण केले.

सुरक्षेच्या कारभारात कामगाराला कायद्याने स्थान मिळाले ते भोपाळच्या भीषण वायुगळती दुर्घटनेनंतर. १९८४ च्या डिसेंबरातील त्या रात्रीपूर्वी कारखान्यातील कामगारांनी धोक्याविषयी तक्रारी केल्या होत्या, आणि पत्रकार राजकुमार केसवानी यांनी १९८२ पासून लेख लिहून शहराला सावध केले होते; परंतु त्यांची दाद लागली नाही. १९८७ च्या दुरुस्तीने धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांत व्यवस्थापन आणि कामगार यांचे समसमान प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती आवश्यक ठरविली, आणि जिवावरचा धोका दिसल्यास तो व्यवस्थापकाबरोबरच थेट कारखाना निरीक्षकाच्या नजरेस आणण्याचा हक्क कामगाराला दिला.

या समितीच्या बैठकीत कायम कामगारांचे प्रतिनिधी बसतात, हे इष्टच आहे. परंतु टाकीत उतरण्याचे, छपरावर चढण्याचे, गोण्या उचलण्याचे काम आज बहुधा कंत्राटी कामगाराच्या वाट्याला येते आणि त्याचे नाव ठेकेदाराच्या हजेरीपटावर असते. समितीतील एक जागा त्याच्यासाठी राखून ठेवावी आणि बैठकीच्या वेळेची मजुरी त्याला मिळावी, ही मागणी कामगार संघटनांनी आता लावून धरली पाहिजे.