अस्वल हाताला कसे कळावे?

परभणी जिल्ह्यातील सोनपेठ हा गोदावरीच्या खोऱ्यातील काळ्या मातीचा मुलूख. अस्वल राहावे असे दाट रान तेथे नाही. मग तेथील पहिलीतील मुलाला अस्वल ठाऊक असते ते कोणते? एक दुकानातील मऊ कापसाचे, आणि दुसरे आजोबांच्या आठवणीतील दरवेशाचे.

ही दोन्ही अस्वले मुलाला चुकीचा धडा देतात. १९०२ साली अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडण्याचे नाकारले आणि त्या प्रसंगावरून 'टेडी' हे खेळणे निघाले. ते कुशीत घेण्याजोगे असते, म्हणून मुलास वाटते की अस्वलही तसेच असणार. दरवेशी नाकात वेसण घातलेले अस्वल दारोदार नाचवी आणि मुलांच्या ताइतासाठी त्याचे केस विकी. ही प्रथा कायद्याने बंद झाली असून २००९ च्या सुमारास ती देशातून जवळजवळ नाहीशी झाली. ते योग्यच झाले. परंतु त्या जागी खऱ्या अस्वलाची ओळख कोणी करून द्यावयाची?

याचे उत्तर महाराष्ट्रात पूर्वीच सापडलेले आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे खेड्यातील मुलांसाठी बालशिक्षण केंद्र काढले. माँटेसोरीबाईंची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. म्हणून ताराबाई व अनुताई वाघ यांनी बिया, शिंपले, पाने, माती यांनाच साधनांची प्रतिष्ठा दिली. अस्वलाचा पाठही याच वाटेने देता येतो.

प्रथम अंगावरील केस. काळ्या घोंगडीचा तुकडा मुलांच्या हाती द्यावा. तो टोचतो, बोचतो. आपल्याकडील अस्वलाचे केस असेच राठ व लांब असतात. पिले आईच्या पाठीवर बसून हेच केस घट्ट धरतात, हे सांगताच केसांचा उपयोगही कळतो. छातीवरील पांढुरका इंग्रजी 'व्ही'सारखा पट्टा खडूने काढावा.

नंतर नखे. ओल्या काळ्या मातीचे एक घट्ट वारूळ करावे. मुलाने ते आधी नुसत्या बोटांनी उकरावे, मग तीन इंच लांबीच्या, टोक बोथट केलेल्या बांबूच्या कामटीने. वारूळ कशाने लवकर फुटते, हे हातच सांगतो.

सर्वांत रमणीय पाठ दातांचा. अस्वलाच्या वरच्या जबड्यात मधले दोन दात नसतात. सहा-सात वर्षांच्या कित्येक मुलांचेही नेमके तेच दुधाचे दात पडलेले असतात! जिभेने ती फट चाचपून पाहण्यास सांगावे. मग कागदाची नळी ओठांत धरून तिने कागदाचे कपटे ओढून उचलावेत. कपटे नळीच्या तोंडापेक्षा मोठे असावेत, म्हणजे घशात जाणार नाहीत. अस्वलही नाकपुड्या मिटून त्या फटीतून वाळवी अशीच ओढून घेते.

इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॉ यांनी १७९१ साली लांब नखे व दातांची ठेवण यांवरून या प्राण्यास दक्षिण अमेरिकेतील, झाडाला लोंबकळणाऱ्या मंदगती स्लॉथचा भाईबंद ठरविले. अवयव दिसले, त्यांचे कार्य दिसले नाही. वारूळ उकरलेले मूल ही चूक करणार नाही.

शेवटी आहार. बोरे, जांभळे, उंबरे आणि मोहाची फुले पाटावर मांडावीत. यांतले माणूस काय खातो, असे विचारताच मुले जवळजवळ सर्वच उचलतील. पाठाचा गाभा येथेच आहे. मेळघाटात किंवा ताडोबाच्या परिसरात पहाटे मोहफुले वेचणारा माणूस आणि अस्वल एकाच झाडाखाली येतात. अस्वलाची दृष्टी मंद. माणूस अचानक अगदी जवळ दिसला की ते बिथरते, आणि त्याची नखे वारुळाऐवजी माणसावर पडतात. यात वैर नसते, भय असते.

सोनपेठचे मूल उद्या नोकरीसाठी वा सहलीसाठी त्या रानात जाईल. कापसाच्या बाहुल्यावर वाढलेले मूल अस्वलाजवळ जाऊ पाहील. केवळ भीतीवर वाढलेले दगड उचलील. ज्याने त्याची नखे, केस व दात यांची कामे हातांनी जाणली, ते मूल मात्र दूर थांबेल आणि अस्वलाला त्याची वाट मोकळी देईल. घोंगडीचा तुकडा, ओली माती आणि कागदाची नळी एवढ्या साहित्यात हे साधत असेल, तर कोणत्या शाळेला ते महाग आहे?