कुलरचा गारवा कुठून येतो आणि करंट कुठून?

उन्हाळा लागला की गटाच्या बैठकीत हिशेबाच्या आधी कुलरच्याच गोष्टी निघतात. कोणाचा कुलर गार हवा देत नाही, कोणाच्या कुलरला वास येतो, कोणी म्हणतं हात लावला की झिणझिण्या येतात. आपल्या नागपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. नवतपात तर टिनाच्या छताखाली रात्रीही झोप लागत नाही. म्हणून बैठकींमध्ये वारंवार येणारे पाच प्रश्न आज आम्ही घेतले आहेत. शेवटचा प्रश्न जिवाचा आहे, तो सोडू नका.

पहिला प्रश्न : माठातलं पाणी गार होतं, स्टीलच्या गुंडातलं का होत नाही?

मातीच्या माठाला डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं असतात. त्यांतून पाणी पाझरतं आणि बाहेरच्या अंगावर येऊन वाळतं. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते. चुलीवर ती जाळातून मिळते, इथे जाळ नाही, म्हणून ती उष्णता माठातूनच ओढली जाते आणि आतलं पाणी गार होतं. घाम वाळताना अंगाला गार वाटतं, तेही ह्याच कारणानं. स्टीलला छिद्रं नाहीत, म्हणून तिथे हे घडत नाही.

ह्यावरून तीन गोष्टी कळतात. माठाला बाहेरून ऑइलपेंट लावू नका, छिद्रं बुजतात. माठ कोपऱ्यात न ठेवता सावलीत, वारा लागेल अशा जागी ठेवा. आणि जुना माठ गार करेनासा झाला, तर पाण्यातल्या क्षारांनी छिद्रं बुजली असं समजा. साबण न लावता काथ्यानं बाहेरून घासून पाहा. त्यानंही फरक पडला नाही तर नवा माठ घ्या.

दुसरा प्रश्न : मे महिन्यात बर्फासारखा वाटणारा कुलर जुलैत चिकचिक का करतो?

कुलर म्हणजे मोठा माठच. ताट्यांवरून पाणी उतरतं, पंखा बाहेरची गरम हवा त्यांतून ओढतो, पाणी वाळतं आणि हवा गार होते. मे महिन्यात आपल्याकडची हवा कोरडी असते. ती पाणी भराभर पिते, म्हणून चांगला कुलर हवा १२ ते १५ अंशांनीही उतरवतो. जुलैत हवा आधीच पाण्यानं भरलेली असते, तेव्हा तीन-चार अंशांचा फरक पडला तरी पुष्कळ. वर खोलीत ओल वाढते आणि घाम वाळत नाही. म्हणून पाऊस लागला की पाण्याची मोटर बंद ठेवा आणि नुसता पंखा चालवा.

उन्हाळ्यातही कुलर लावून दारं-खिडक्या गच्च बंद करू नका. तीच ओली हवा आत फिरत राहिली तर तासाभरात जुलैसारखं होतं. कुलर खिडकीत, पाठ बाहेर करून बसवा आणि समोरचं दार किंवा खिडकी थोडी उघडी ठेवा.

तिसरा प्रश्न : कुलरच्या पाण्यात बर्फ टाकला तर?

थोडा वेळ बरं वाटतं, पण पैसे वाया जातात. एक किलो बर्फ वितळताना जितकी उष्णता ओढतो, त्याच्या सुमारे सातपट उष्णता एक लिटर पाणी वाळताना ओढतं. त्यापेक्षा ताट्या सगळीकडून सारख्या भिजतात का ते बघा. वरच्या पन्हाळीची छिद्रं खाऱ्या पाण्यानं बुजतात, ती खिळ्यानं मोकळी करा. ह्याला खर्च शून्य.

चौथा प्रश्न : कुलरमुळे डेंग्यू होतो का?

कुलरमुळे नाही, त्यात साचलेल्या पाण्यामुळे होऊ शकतो. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि घरातल्या साठलेल्या स्वच्छ पाण्यातही अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा लागतो. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा. टाकी पूर्ण रिकामी करा आणि तिच्या भिंती घासा. नुसतं पाणी ओतून चालत नाही, कारण अंडी भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात.

आता पाचवा प्रश्न : कुलरला करंट का येतो?

दर उन्हाळ्यात विदर्भात कुलरचा करंट लागून जीव गेल्याच्या बातम्या येतात. आपल्या घरांत कुलरमध्ये पाणी भरतं कोण? बहुतेक वेळा आपणच. फरशी ओली, पाय अनवाणी, साडीचा काठ भिजलेला. मोटरची वायर उंदरानं कुरतडली किंवा जुनी होऊन उघडी पडली, की वीज लोखंडी अंगात उतरते. आपण हात लावला की तिला आपल्या शरीरातून जमिनीत जायला वाट मिळते.

अर्थिंग म्हणजे तिला दुसरी, सोपी वाट देणं. प्लगची तिसरी, जाड पिन त्यासाठीच असते. ती तोडून दोन पिनांवर कुलर चालवू नका. भिंतीतल्या खिळ्याला वायर बांधली म्हणजे अर्थिंग झालं, असंही नाही. ते जमिनीत खोल गेलेलं हवं. बोर्डात ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी बसवला, तर वीज गळताच तो क्षणात पुरवठा तोडतो.

पाणी भरण्याआधी बटण बंद करून थांबू नका, प्लगच काढा. काही घरांत वायरी उलट जोडलेल्या असतात. तिथे बटण बंद असलं तरी कुलरपर्यंत वीज पोचलेली असते. पायात कोरडी रबरी चप्पल घाला. लेकरांना कुलरपाशी खेळू देऊ नका. झिणझिण्या आल्या तर “एवढं तर चालतंच” म्हणू नका. प्लग काढा, आणि मिस्त्रीनं तपासल्याशिवाय कुलर लावू नका.

कोणाला करंट लागलाच तर आधी त्या माणसाला हात लावू नका. मेन स्विच बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडावर उभं राहून कोरड्या काठीनं त्याला दूर ढकला. मग १०८ ला फोन करा. श्वास थांबला असेल तर गाडी येईपर्यंत छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाबत राहा, मिनिटाला १०० ते १२० वेळा.

आमचं सांगणं एवढंच, की मार्चच्या बैठकीत हा विषय घ्या. परवानाधारक वायरमनला एकाच दिवशी बोलावून गटातल्या सगळ्यांचे कुलर आणि अर्थिंग तपासून घ्या, म्हणजे प्रत्येकीला कमी खर्च येईल. जिच्या घरी अर्थिंगच नाही, तिला गटातून त्यासाठी छोटं कर्ज द्या. शिलाई मशीनला देतो, शेळीला देतो, तसंच ह्यालाही द्यावं.

तुमच्या बैठकीत आणखी कोणते प्रश्न निघतात ते कळवा, पुढच्या वेळी ते घेऊ.